डॉ. ब्रुन्स यांच्या हुकमावरून

श्रीपाद घैसासला एवढंच हवं होतं, की बेलवर आपलं नाव असावं.

मागणी तशी फार नव्हती. लोक बढती मागतात, बाल्कनी मागतात, बायकोने मान्य करावं की चूक तिची होती असलंही काहीबाही मागतात. श्रीपादची झेप तिथवर कधी गेलीच नव्हती. ग्रुप फोटोत ज्याचा फक्त एक कान येतो, असा तो माणूस. न्हावी त्याचे केस स्वतःच्या मताने कापायचा. ऑफिसात त्याने सुरू केलेलं वाक्य दुसराच कोणीतरी संपवायचा आणि शाबासकीही घेऊन जायचा. खुद्द त्याच्या लग्नात गुरुजींनी दोनदा त्याच्या मामेभावाला बोहल्याकडे नेलं होतं, आणि दुसऱ्या वेळी मामेभाऊ फारसा विरोध न करता निघालाही होता. सुलेखाने वेळीच पाहिलं म्हणून बरं.

तर अशा या श्रीपादला आणि सुलेखाला हॅनोव्हरमध्ये फ्लॅट मिळाला. हॅनोव्हरमध्ये फ्लॅट मिळणं म्हणजे काय, हे ज्याला मिळाला नाही त्यालाच कळतं. मालकीणबाई दूर दक्षिणेत कुठेतरी राहायच्या. त्यांनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली, श्रीपादने त्यांच्या मांजराची मनापासून स्तुती केली, आणि करार झाला. तिसरा मजला, डावीकडचं दार. खाली बेलवर पितळी पाटी: डॉ. ब्रुन्स. म्हणजे आधीचे भाडेकरू.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आधी कोणीच सांगत नाही. जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो. रस्ता असतो, इमारतीला नंबर असतो, आणि मग दाराशी बटणांची रांग व प्रत्येक बटणाशेजारी एक आडनाव. पोस्टमन आडनाव वाचतो. ते नसेल तर पत्र परत. तुम्ही खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळून "अहो, मीच तो!" म्हणून ओरडत असलात, तरी परत. पाटीवर नाही तो जगात नाही, इतका सोपा हिशेब.

श्रीपादने इमारतीचा कारभार पाहणाऱ्या कंपनीला, म्हणजे हाउसफरवाल्टुंगला, फोन लावला. तिथल्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, झाइडेल शांत आवाजात म्हणाल्या, "आमच्या नोंदीत तिसऱ्या मजल्यावर डॉ. ब्रुन्स राहतात."

"ते गेले."

"अरेरे. कधी?"

"नाही, तसे नाही गेले. घर सोडून गेले. आता मी राहतो. घैसास."

"तसं आम्हाला कोणी कळवलेलं नाही."

"मी आत्ता कळवतोय ना."

"पण आमच्या नोंदीप्रमाणे आपण तिथे राहत नाही. जो माणूस तिथे राहत नाही, त्याचं कळवणं आम्ही कसं धरायचं?"

 श्रीपादला क्षणभर वाटलं, बाईंचं बरोबर असेल. फ्राऊ झाइडेल यांनी मात्र मोठ्या मनाने तोडगा काढला. राहण्याचा एक कागद त्या श्रीपादच्या नावे पोस्टाने पाठवतील. त्यावर त्याने सही करून परत पाठवावा, की लगेच नवी पाटी कोरायला टाकता येईल.

कागद निघाला, इमारतीपर्यंत आला, आणि "या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही" असा शेरा घेऊन परत गेला. फ्राऊ झाइडेल फोनवर म्हणाल्या, "पाहिलंत? मी म्हटलंच होतं."

अशा वेळी हॅनोव्हरची मराठी माणसं विलासकाकांना फोन करतात. विलासकाका या गावात इतकी वर्षं आहेत, की ते मराठीतसुद्धा आधी जर्मन खाकरतात. "आल्झो," ते म्हणाले, "तू ना, फार सरळ आहेस. कागदाची पट्टी काप, नाव लिही, चिकटव. मी आलो तेव्हा असंच केलं होतं."

"चालतं?"

"चालत नाही. पण करायचं. गेनाऊ, अगदी इथेच आपली माणसं मार खातात. विचारत बसतात."

श्रीपादने पट्टी कापली. शाई फार ठाम वाटेल म्हणून आधी पेन्सिलीने नाव लिहिलं, जरा लांबून पाहिलं, आणि तेच बरं दिसतंय म्हणून तसंच चिकटवलं. सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर तळमजल्यावरच्या फ्राऊ हार्टमान उभ्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पाठ ताठ, आणि हातात भुवया कोरायचा चिमटा. चिमट्यात ती कागदाची पट्टी.

"हेर डॉक्टर ब्रुन्स!" त्या म्हणाल्या (हेर म्हणजे श्रीयुत) आणि त्यांचे डोळे पाणावलेच. "अखेर भेट झाली! कोणीतरी आपल्या बेलवर हे चिकटवलं होतं. मी बोट न लावता काढलंय. ठसे असतील."

इथे श्रीपादला बोलता आलं असतं. "बाई, मी घैसास," एवढंच वाक्य. त्याचं जर्मन तेवढं नक्कीच होतं. पण इथे आपल्याकडची शिकवण आडवी आली. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नात एखादी आजी येते, आपला गाल ओढते आणि म्हणते, "तू वीणाचा धाकटा ना रे?" आपण वीणाचे कोणीही नसतो. पण आपण म्हणतो, "हो." कारण नाही म्हटलं तर आजी विचारणार, मग कोणाचा, मग चार पिढ्या उलगडणार, आणि तोवर पंगत उठणार. श्रीपाद आजवर असा अनेकांचा धाकटा झाला होता. एकदा तर त्याने वीणाच्या धाकट्यासाठी आणलेलं शर्टपीसही नमस्कार करून घेतलं होतं. तेव्हा सवयीने, वडीलधाऱ्या बाईंसमोर मान किंचित झुकवून, तो म्हणाला, "हो."

झालं. पुढचं सगळं या एका होकारातून निघालं.

तुम्ही म्हणाल, घैसास दिसणारा माणूस ब्रुन्स म्हणून खपला कसा? तर खऱ्या डॉ. ब्रुन्सना त्या घरात कोणी पाहिलंच नव्हतं. ते ध्रुवाकडे बर्फाची जाडी मोजायला जायचे आणि महिनोन्‌महिने तिकडेच असायचे. फ्राऊ हार्टमान यांनी त्यांची एकदा पाठ पाहिली होती, तीही टोपीसकट. तरीही सगळं घर त्यांना वचकून असायचं, ते जिन्यातल्या सूचनांमुळे. भिंतीवर काचेच्या चौकटीत त्या ओळीने लावलेल्या होत्या. "जिन्यात रेंगाळू नये." "शिंकताना दार बंद असावं." "बेलवर परस्पर नावं चिकटवणं निषिद्ध." आणि प्रत्येकीखाली: डॉ. ब्रुन्स यांच्या हुकमावरून.

शंका एकट्या हेर पोल यांना आली. हे दुसऱ्या मजल्यावर राहायचे, निवृत्त ट्रॅमचालक. त्यांनी जिन्यात दबक्या आवाजात विचारलं, की डॉक्टरांचा रंग जरा वेगळा नाही का वाटत? फ्राऊ हार्टमान म्हणाल्या, "बर्फावरून ऊन परततं, हेर पोल. माणूस रापतो." आणि बोलणं? "वर्षानुवर्षं पेंग्विनांशी बोलल्यावर तुमचं जर्मन कसं होईल?" पोल यांनी विचार केला आणि त्यांना ते पटलं.

श्रीपादने ठरवलं होतं, की दोन दिवसांत सगळं नीट सांगून टाकायचं. पण एक अडचण आली. त्याला ते आवडायला लागलं.

जिन्यात तो दिसला की लोक भिंतीला लागून उभे राहायचे. हेर पोल रेडिओ बंद करायचे आणि वर "माफ करा" म्हणायचे. शनिवारी फ्राऊ हार्टमान मनुक्यांचा केक आणून द्यायच्या आणि उत्तराची वाट न पाहता, पाठ न दाखवता चार पायऱ्या मागे उतरायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "हेर डॉक्टर, पहिल्या मजल्यावरच्यांनी जिन्याखाली बाबागाडी ठेवलीय. ठेवू द्यायची का?"

आजवर श्रीपादला कोणी "चहा की कॉफी" यापलीकडे विचारलं नव्हतं, आणि विचारलं तरी उत्तर ऐकायला थांबलं नव्हतं. फ्राऊ हार्टमान थांबल्या होत्या. त्या शांततेत श्रीपादच्या तोंडून कोणीतरी दुसराच बोलला:

"ठेवू देत. पण चाकं भिंतीकडे."

"चाकं भिंतीकडे!" फ्राऊ हार्टमान पुटपुटल्या. यामागे केवढा विचार असेल, या कल्पनेनेच त्या भारावल्या होत्या.

ऑफिसात सोमवारी एका सहकाऱ्याने नेहमीप्रमाणे त्याचं वाक्य मध्येच उचललं. श्रीपाद म्हणाला, "माझं अजून संपलेलं नाही."  सगळे पेनं खाली ठेवून त्याच्याकडे पाहायला लागले. खरं तर त्याचं संपलं होतं, पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा हळू म्हटलं. सगळ्यांनी लिहून घेतलं. न्हाव्याला त्याने सांगितलं, "मागून कमी." न्हाव्याने खरंच मागून कमी केले. घरी येताना श्रीपादने एक टोपी घेतली.

सुलेखा हे सगळं पाहत होती. ती श्रवणयंत्रांच्या प्रयोगशाळेत काम करायची, त्यामुळे कोण कोणाचं किती ऐकतं याचा तिला चांगला अंदाज होता.

"खाली ती बाई मला फ्राऊ डॉक्टर ब्रुन्स म्हणाली," ती म्हणाली.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी लग्नानंतर घैसास लावलं नाही, ब्रुन्स कशाला लावू? मी नाईक आहे आणि नाईकच राहणार. तर ती म्हणते, 'वा, किती आधुनिक जोडपं!' श्री, हे कधी संपवणार आहेस?"

"सांगतो ना. योग्य वेळ आली की."

"आणि दह्याच्या डब्याचं झाकण वेगळं, डबा वेगळा, हे असं कचऱ्यात वाकून काय पाहतोयस?"

"डब्यात दही राहिलंय," श्रीपाद टोपी सावरत म्हणाला. "हे बरं नाही."

काकांना कळलं तेव्हा ते फोनवरच उभे राहिले; खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अरे गाढवा, दुसऱ्याचं नाव एक वेळ चालून जाईल. पण डॉक्टर? इथे पदवी नसताना डॉक्टर म्हणवून घेणं गुन्हा आहे, गुन्हा! तुरुंग आहे त्याला."

"मी कुठे म्हणवून घेतो? ते म्हणतात."

"तू ओ देतोस ना?"

हे मात्र श्रीपादला लागलं. त्याने त्याच दिवशी फ्राऊ हार्टमान यांना गाठलं आणि धीर करून सांगितलं, "कृपा करून मला डॉक्टर म्हणू नका."

 फ्राऊ हार्टमान यांनी छातीवर हात ठेवला. एवढा मोठा माणूस आणि एवढा नम्र! संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या मजल्यांवर पोचली, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला डबल अदबीने डॉक्टर म्हणायला लागले. हेर पोल यांनी तर जिन्यात टाचा जुळवल्या.

मग आला रविवार. रविवारी जर्मनीत शांतता असते. साधीसुधी नाही, अगदी पहारा ठेवलेली. काच फोडायची नाही, खिळा ठोकायचा नाही, धुण्याचं यंत्र लावायचं नाही. अशा रविवारी भर दुपारी सुलेखाने मसूर लावले आणि कुकरने शिट्ट्या केल्या.

थोड्या वेळाने दारात फ्राऊ हार्टमान आणि हेर पोल. दोघांचे चेहरे पांढरेफटक.

"हेर डॉक्टर, या घरात कोणीतरी इंजिन चालवतंय."

"वाफेचं," पोल म्हणाले. "माझी सगळी नोकरी रुळांवर गेली. मी आवाज ओळखतो."

"तुम्हीच काहीतरी करायला हवं," फ्राऊ हार्टमान म्हणाल्या. "एक सूचना. तुमच्या शैलीत."

श्रीपादने मागे स्वयंपाकघराकडे पाहिलं. पुढे त्या दोन विश्वासाने भरलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. आणि, आता हे कसं सांगावं, त्याला मनापासून राग आला. ब्रुन्सच्या घरात इंजिन? ब्रुन्स असताना?

संध्याकाळी सुलेखा कचरा टाकायला खाली गेली आणि तशीच, कचऱ्याच्या पिशवीसकट, वर आली.

"हे तू लिहिलंस?"

"काय?"

"'या घरात शिट्टी वाजवणाऱ्या व्यक्तीला संस्कार नाहीत.' खाली सही, डॉ. ब्रुन्स. श्री, ती व्यक्ती मी आहे! आणि मसूर तुला हवे होते!"

"सुलेखा, वैयक्तिक घेऊ नकोस. घराचा नियम म्हणजे नियम. आज तुला सूट दिली, तर उद्या सगळेच शिट्ट्या मारतील."

"सगळ्यांकडे कुकर आहे का रे?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

 सुलेखाने मसूर स्वतःच्या ताटात वाढून घेतले, आणि त्याच्यापुढे एक पावाचा तुकडा आणि लोण्याची वडी ठेवली. "घ्या, ब्रुन्स," ती म्हणाली. "तुमच्यात असंच जेवतात ना?" आणि आमटीचा वास घेत श्रीपादने तो कोरडा पाव मान ताठ ठेवून खाल्ला. शेवटच्या घासाला मात्र त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते नेमकं कोणाच्या डोळ्यांत आलं, हे त्याला सांगता आलं नसतं.

भांडं फुटलं ते पार्सलने. सुलेखाच्या आईने जावयाच्या नावाने पार्सलं पाठवायची जी पद्धत आहे तिला जागून भाजणी आणि मेतकूट पाठवलं, वर ठळक अक्षरांत: श्रीपाद घैसास. कुरियरवाल्याने ते फ्राऊ हार्टमान यांच्याकडे ठेवलं. त्यांनी नाव वाचलं. पेन्सिलीच्या पट्टीवरही हेच नाव होतं! म्हणजे घैसास नावाचा कोणी इसम या घरात चोरून राहतोय, आणि इंजिनही त्याचंच. त्यांनी हाउसफरवाल्टुंगला कळवलं. फ्राऊ झाइडेल म्हणाल्या, की हे नाव त्यांनाही फोनवर बऱ्याचदा त्रास देऊन गेलंय. शनिवारी सभा घेऊ. असा माणूस ज्या फ्लॅटमध्ये सापडेल, त्या फ्लॅटचा करार रद्द. अध्यक्ष अर्थात डॉ. ब्रुन्स.

"म्हणजे तू अध्यक्ष होऊन स्वतःला शोधणार," सुलेखा म्हणाली. "आणि सापडलास तर आपलं घर जाणार."

"मी सापडणार नाही. ब्रुन्स ते हाताळेल."

"ब्रुन्स गेला खड्ड्यात. ऐक श्री, मी घैसासशी लग्न केलं. तो गबाळा होता, पण तो माझ्या बाजूने होता. शनिवारी मी पण येणार. तू कोण ते तू ठरव. घैसास असशील तर वर जेवायला ये. ब्रुन्स असशील तर ध्रुवाकडे जा."

सभा तळघरात, कपडे वाळत घालायच्या खोलीत झाली. जागा तीच मोठी होती. दोऱ्यांवर कोणाचे तरी मोजे लोंबत होते, त्यामुळे बोलताना प्रत्येकाला मोजे बाजूला सारून चेहरा दाखवावा लागत होता. फ्राऊ झाइडेल फाइल घेऊन बसल्या होत्या. सुलेखा दाराशी हाताची घडी घालून उभी होती. श्रीपाद मधल्या खुर्चीत बसला होता, डोक्यावर टोपी.

"हा घैसास कसा माणूस असेल, याचा मी अभ्यास केलाय," हेर पोल यांनी मोजा बाजूला केला. "स्वतःचं नाव पेन्सिलीने लिहितो. म्हणजे भित्रा. स्वतःबद्दल खात्री नसलेला. असा माणूस कुठेही राहू शकतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही."

श्रीपादला हे झोंबलं. "पेन्सिलीने लिहिण्यात गैर काय आहे?"

"आणि पळपुटा," फ्राऊ हार्टमान म्हणाल्या.

"माझ्या माहितीप्रमाणे तो सज्जन आहे," श्रीपाद जरा चढ्या आवाजात म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. "आपण त्याला ओळखता, हेर डॉक्टर?"

"तोंडओळख आहे," श्रीपाद म्हणाला आणि त्याने घाम पुसला.

तेवढ्यात दार वाजलं. एक किडकिडीत, पन्नाशीचा माणूस आत डोकावला. पाठीवर पिशवी, नाक सोललेलं, चेहऱ्यावर जगाची माफी मागणारं हसू.

"मध्येच आलो, क्षमा करा," तो म्हणाला. "मी ब्रुन्स. माझ्या स्कीज इथे तळघरात राहिल्यात, तेवढ्या घेऊन जातो."

मोजे हलायचे थांबले.

"असं कोणीही म्हणेल," फ्राऊ हार्टमान म्हणाल्या. "डॉ. ब्रुन्स हे इथे बसलेत."

त्या माणसाने श्रीपादकडे पाहिलं. मग टोपीकडे. "अच्छा," तो म्हणाला. "मग माझा काहीतरी घोटाळा झाला असेल. मी नंतर येतो हवं तर."

"थांबा!" हेर पोल उभे राहिले. "भित्रा. स्वतःबद्दल खात्री नाही. तळघरात ये-जा. तुम्हीच तो घैसास!"

"मी?" तो माणूस गोंधळला. सगळे त्याच्याकडे रोखून पाहत होते. त्याने सगळ्यांचे चेहरे वाचले, खांदे पाडले, आणि कोणाला उगाच दुखवायला नको अशा आवाजात म्हणाला, "असेनही."

 हे "असेनही" श्रीपादने आयुष्यभर वापरलं होतं. ते इतकं त्याचं होतं, की दुसऱ्याच्या तोंडी ऐकताना घरात चोरी झाल्यासारखं वाटलं. समोर एक माणूस न केलेल्या गुन्ह्यासाठी, स्वतःच्या नसलेल्या नावासाठी, फक्त भीड म्हणून घराबाहेर निघाला होता. फ्राऊ झाइडेल यांनी पेन उघडलं होतं. दाराशी सुलेखा होती. ती त्याच्याकडे पाहत होती.

श्रीपाद उठला. "घैसास मी आहे," तो म्हणाला.

 फ्राऊ हार्टमान बाकीच्यांकडे वळल्या. "पाहिलंत? एका अनोळखी माणसासाठी स्वतःवर घेतायत! काय हे मन!"

"नाही हो, मी खरंच घैसास आहे."

"तुमचा मोठेपणा आम्हाला माहीत आहे, हेर डॉक्टर. बसा."

"सुलेखा, सांग ना यांना!"

"तो घैसासच आहे," सुलेखा म्हणाली. "मी लग्नात ओळखून घेतलाय."

"पत्नीही त्यागात सहभागी," पोल हळहळले आणि त्यांनी मोजाच डोळ्यांना लावला.

श्रीपादने ओळखपत्र काढलं. फ्राऊ झाइडेल म्हणाल्या, ते पोस्टाने पाठवा. श्रीपादने समजावलं, विनवलं, एकदा तर कुकरची शिट्टीही तोंडाने करून दाखवली. लोक गहिवरत गेले. श्रीपाद घैसास बोलत होता, आणि नेहमीप्रमाणे कोणी ऐकत नव्हतं. तेव्हा त्याला कळलं, की इथे एकाच माणसाचं ऐकलं जातं. त्याने टोपी नीट केली, खांदे मागे घेतले, आणि घुमणाऱ्या आवाजात म्हणाला:

"मी, डॉ. ब्रुन्स, हुकूम करतो, की मी श्रीपाद घैसास आहे. यावर चर्चा होणार नाही."

सगळे ताडकन उभे राहिले. "जसा हुकूम," फ्राऊ हार्टमान म्हणाल्या.

"आणि हे गृहस्थ ब्रुन्स आहेत."

"जसा हुकूम."

"आणि माझा कागद मला हातात द्यावा."

फ्राऊ झाइडेल यांनी फाइलमधून परत आलेला कागद काढला आणि निमूट दिला. खरे ब्रुन्स म्हणाले, की आपण घर कधीच सोडलंय आणि कळवायचं राहिलं, माफ करा. श्रीपादने शाईने सही केली. घर वाचलं. हुकूम देणारा माणूस त्या हुकमातच संपून गेला होता, पण हे कोणाच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. श्रीपादने टोपी काढून ब्रुन्सना दिली.

जिन्यात खरे ब्रुन्स स्कीज काखेत धरून भिंतीवरच्या चौकटी वाचत उभे राहिले. "हे मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मी पहिल्या वर्षी एक चिठ्ठी लावली होती. 'शक्य असल्यास तळघरातला दिवा चालू ठेवाल का?' एवढीच."

"तिच्यात जरब नव्हती," मागून फ्राऊ हार्टमान खालमानेने म्हणाल्या. "मी जरा दुरुस्त केली. मग तुम्ही नेहमी बाहेर... घराला कोणीतरी हवं होतं."

"मी असा होतो होय," ब्रुन्स चौकटींकडे कौतुकाने पाहत म्हणाले. मग हलकेच श्रीपादला विचारलं, "मी असणं कसं वाटलं हो?"

"छान," श्रीपाद म्हणाला. "पण आमटी मिळत नाही."

त्या रात्री त्याला मिळाली. दोन वेळा वाढून.

पुढचे दोन दिवस घरात विचित्र शांतता होती. जिन्यात श्रीपाद समोर आला की लोक अर्धे भिंतीला लागायचे आणि अर्धे तसेच चालत राहायचे, त्यामुळे धक्के लागायचे. हेर पोल यांनी रेडिओ नेमका मध्यावर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. फ्राऊ हार्टमान होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर झोप नसल्याची खूण होती.

"हेर घाय... घायसास," त्या म्हणाल्या. हे नाव त्यांनी घरी घोकलेलं दिसत होतं. "आम्ही सगळ्यांनी मिळून मला पाठवलंय. डॉ. ब्रुन्स आम्हाला माहीत होते. आपण माहीत नाही. तेव्हा आपण नक्की कसे आहात, तेवढं सांगाल का? रागीट, मवाळ, मनमिळाऊ? म्हणजे आम्हाला त्याप्रमाणे वागता येईल."

प्रश्न अगदी रास्त होता. श्रीपादने उत्तरासाठी तोंड उघडलं, आत डोकावून पाहिलं, आणि तिथे काहीच तयार सापडेना.

"जरा थांबता का?" तो म्हणाला. "आत विचारून सांगतो."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुलेखाचा आवाज आला, "कोण आहे रे?"

"तेच विचारायला आल्यात," श्रीपाद म्हणाला.